प्रमाणवेळ : मुंबईच्या एकोणचाळीस मिनिटांची कथा

(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दरवर्षी मे महिन्यात, १३-१४ तारखेच्या सुमारास, पुण्यात एक निसर्गनियम उघड्या डोळ्यांनी पाहता येतो. त्या दिवशी माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मोकळ्या जागी काठी रोवून मुले टक लावून बसतात. घड्याळात बारा वाजतात, तरी सावली असतेच. सव्वाबारा होतात, सावली आखूड झालेली असते, पण गेलेली नसते. ती जाते साधारण बारा वाजून एकतीस मिनिटांनी. मग एखादा मुलगा हमखास विचारतो, “सूर्याला उशीर झाला, की घड्याळ पुढे आहे?”

प्रश्न बाळबोध वाटला, तरी त्याच्या उत्तरात भूगोल आहे, खगोल आहे आणि आपल्या पारतंत्र्याचा व स्वातंत्र्याचा इतिहासही आहे. सूर्याला उशीर झालेला नसतो. घड्याळच पुढे असते. पुण्याच्या मनगटावरचे घड्याळ पुण्याची वेळ दाखवतच नाही. ते उत्तर प्रदेशात प्रयाग-मिर्झापूरच्या परिसरातून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ दाखवते. ही वेळ सर्व देशाने आपली मानली आहे. ती कशी आली, कोणी आणली आणि कोणी नाकारली, याचा हा थोडक्यात परामर्श.

अंश, मिनिटे आणि पळे

पृथ्वी चोवीस तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे ३६० अंश, पूर्ण करते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला चार मिनिटे. आपल्या जुन्या कालमापनात हाच हिशेब अधिक सुटसुटीत होता. अहोरात्राच्या साठ घटिका, एका घटिकेची साठ पळे. घटिका चोवीस मिनिटांची, पळ चोवीस सेकंदांचे. त्यामुळे एका अंशाला दहा पळे पडतात. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाण्यात तरंगत ठेवलेले घटिकापात्र जुन्या पिढीने पाहिले आहे. ते बुडाले की घटिका भरली.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी दिसतो. पुणे सुमारे ७३.८५ अंश पूर्व रेखांशावर आहे. साडेब्याऐंशी अंशांपासून ते सुमारे ८.६५ अंश पश्चिमेला पडते. चाराने गुणले की साडेचौतीस मिनिटे येतात. वर्षभरात सूर्याची भासमान गती थोडी कमी-अधिक होते. त्यामुळे पुण्याचे खरे माध्यान्ह नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १८ मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीत १२ वाजून ४९ मिनिटांच्या आसपास येते. बाराला मात्र कधीच येत नाही.

मराठी घरांत या गोष्टीचा अनुभव दर महिन्याला येतो. संकष्टी चतुर्थीला दिनदर्शिका उघडली की गावोगावच्या चंद्रोदयाच्या निरनिराळ्या वेळा दिसतात. नागपूरच्या गृहिणीचा उपवास पुण्यातील तिच्या जावेच्या आधी सुटतो. चंद्र एकच असतो, पण नागपूर पुण्याच्या पूर्वेस सव्वापाच अंश आहे.

लंका, उज्जयिनी, रोमक

स्थानपरत्वे वेळ बदलते, हे ज्ञान भारताला युरोपातून मिळालेले नाही. इ. स. ४९९ च्या सुमाराचा आर्यभट ‘आर्यभटीय’ ग्रंथाच्या गोलपादात स्पष्ट सांगतो, की लंकेत सूर्योदय होतो तेव्हा यवकोटीत माध्यान्ह, सिद्धपुरात सूर्यास्त आणि रोमकात मध्यरात्र असते. विषुववृत्तावर नव्वद-नव्वद अंशांवर कल्पिलेली ही चार स्थाने आहेत. पृथ्वी गोल आहे आणि एकाच क्षणी निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळा प्रहर चालू असतो, ही गोष्ट यात गृहीत धरलेली आहे.

लंका आणि उज्जयिनी यांतून जाणारी रेषा ही आपल्या ज्योतिर्गणिताची मध्यरेखा. ‘सूर्यसिद्धान्त’ तीच रेखा धरून चालतो. आपले गाव या रेषेच्या पूर्वेला वा पश्चिमेला किती आहे ते पाहून गणितात जी दुरुस्ती करावयाची, तिला देशांतर संस्कार म्हणत. उज्जैन ते पुणे हे अंतर रेखांशात दोन अंशांहून किंचित कमी, म्हणजे सुमारे एकोणीस पळांचे. या परंपरेचा साक्षेपी इतिहास ज्यांनी मराठीत लिहिला, ते शंकर बाळकृष्ण दीक्षित पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होते. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ मध्ये पुण्यातच प्रसिद्ध झाला.

मात्र येथे विवेक सोडता कामा नये. स्थानिक वेळ वेगळी असते हे जाणणे ही एक गोष्ट आणि शेकडो गावांनी आपापली वेळ बाजूला ठेवून एक समाईक वेळ पाळणे ही दुसरी गोष्ट. दुसरीची गरज आपल्या पूर्वजांना पडली नाही, तशी युरोपलाही पडली नव्हती. बैलगाडीच्या किंवा घोड्याच्या प्रवासात चार मिनिटांचा फरक कोणाच्या ध्यानी येणार? ती गरज निर्माण केली आगगाडीने आणि तारयंत्राने. पूर्वजांचा खरा गौरव करावयाचा, तर जे त्यांचे आहे ते नेमके सांगावे. जे त्यांचे नाही ते त्यांच्या नावावर चढवण्याची गरज नाही.

आगगाडीचे घड्याळ

इंग्लंडात १८४० नंतर रेल्वे कंपन्यांनी ग्रीनिच येथील वेधशाळेची वेळ स्वीकारली आणि १८८० मध्ये ती कायद्याने सर्व ग्रेट ब्रिटनची झाली. अमेरिकेत गावोगावी वेगळी वेळ असल्याने वेळापत्रकांचा गोंधळ माजला होता. तेथील रेल्वे कंपन्यांनी १८ नोव्हेंबर १८८३ रोजी मोजके पट्टे ठरवून प्रत्येक पट्ट्यात एकच वेळ लागू केली. संपूर्ण जगासाठी अशी व्यवस्था असावी, हा आग्रह कॅनडातील रेल्वे अभियंता सँडफर्ड फ्लेमिंग यांनी धरला होता.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस देशांची परिषद भरली. ग्रीनिचची रेखा शून्य मानण्याच्या ठरावाच्या बाजूने बावीस देश, विरोधात एक, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ. फ्रान्सचा स्वाभिमान इतका, की पुढे १९११ मध्ये ग्रीनिचची वेळ स्वीकारतानाही त्याच्या कायद्यात ग्रीनिचचे नाव आले नाही. पॅरिसच्या वेळेतून नऊ मिनिटे एकवीस सेकंद वजा केलेली वेळ, असे तिचे वर्णन करण्यात आले.

या परिषदेविषयी एक समज दुरुस्त करावयास हवा. तिने जगाचे चोवीस पट्टे आखून दिले नाहीत. शून्य रेखा कोणती आणि जागतिक दिवस कोठून मोजावा, एवढेच तिने सांगितले. कोणत्या देशाने कोणती वेळ पाळावी, हा निर्णय ज्या-त्या राज्यसत्तेचा राहिला. म्हणूनच नकाशावर हे पट्टे सरळ नाहीत. नेपाळ ग्रीनिचच्या पावणेसहा तास पुढे आहे. विस्तीर्ण चीन १९४९ पासून एकाच वेळेवर चालतो. पाकिस्तानने १९५१ मध्ये आपले घड्याळ भारतापेक्षा अर्धा तास मागे नेले. वेळेची रेषा सूर्य आखत नाही, राज्यसत्ता आखते.

आणि हिंदुस्थानची राज्यसत्ता तेव्हा हिंदूंच्या किंवा अन्य कोणा भारतीयांच्या हाती नव्हती. वॉशिंग्टनच्या त्या परिषदेत हिंदुस्थानच्या बाजूने बसले होते जनरल स्ट्रॅची, लंडनमधील इंडिया कौन्सिलचे सभासद.

मुंबईने नाकारलेली वेळ

त्या काळात हिंदुस्थानात तीन वेळा प्रमुख होत्या. कलकत्त्याची वेळ ग्रीनिचच्या पाच तास त्रेपन्न मिनिटे पुढे, मद्रासची पाच तास एकवीस मिनिटे पुढे, मुंबईची चार तास एकावन्न मिनिटे पुढे. मद्रासला वेधशाळा होती आणि तिची वेळ मुंबई व कलकत्ता यांच्या मधोमध पडत असे. म्हणून १८७० च्या सुमारास देशभरच्या रेल्वेने मद्रासवेळ स्वीकारली. पुण्याच्या सूर्यापेक्षा रेल्वेचे हे घड्याळ सव्वीस मिनिटे पुढे. सूर्य पाहून घरातून निघणाऱ्या प्रवाशाची गाडी चुकणे किती सोपे होते, याची कल्पना करता येईल.

१८८१ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रासवेळ लागू केली. म्हणजे मुंबईचे घड्याळ अर्धा तास पुढे. शहराने ही आज्ञा मनावर घेतली नाही. विद्यापीठाच्या मनोऱ्यावरील घड्याळाने कोणती वेळ दाखवावी, यावरही वाद झडला. युरोपीय व्यापाऱ्यांनाही हा बदल रुचला नव्हता. अखेर १८८३ मध्ये सरकारला आज्ञा मागे घ्यावी लागली. त्याच गव्हर्नरांचे नाव पुण्यातील एका थोर महाविद्यालयाला आहे. त्यांच्या शिक्षणविषयक सहानुभूतीची कृतज्ञ नोंद पुण्याने ठेवली, घड्याळाचा हुकूम मात्र मुंबईने परतवला.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ जाहीर केली, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मद्रासवेळेवर चालणाऱ्या रेल्वेला केवळ पावणेनऊ मिनिटांचा फरक पडला. मुंबईला एकोणचाळीस मिनिटांचा.

तो काळ लक्षात घ्यावा. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली होती. त्याच महिन्यात पुण्यात तरुण विनायक दामोदर सावरकरांच्या पुढाकाराने आणि लोकमान्य टिळकांच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली होती. स्वदेशी आणि बहिष्कार हे शब्द घराघरात पोहोचले होते. ज्या सरकारने लोकांना न विचारता प्रांत तोडला, तेच सरकार आता लोकांना न विचारता त्यांची सकाळ हलवत होते.

जानेवारी १९०६ मध्ये मुंबईतील काही हजार गिरणी कामगारांनी नव्या वेळेने कामावर जाण्यास नकार दिला आणि गिरणीवर दगडफेक झाली. या कामगारांना ग्रीनिच ठाऊक नव्हते, पण स्वतःचा दिवस ठाऊक होता. गिरणीच्या भोंग्याचा आकडा तोच राहणार, पण सूर्याच्या हिशेबाने चाळीत उठावे लागणार एकोणचाळीस मिनिटे आधी. निषेधाच्या सभा झाल्या, हजारो सह्यांचे अर्ज गेले. मुंबई महानगरपालिकेत सर फिरोजशहा मेहता यांनी प्रमाणवेळेला विरोध केला आणि पालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईवेळ कायम ठेवली. पुढे कित्येक वर्षे मुंबईत दोन वेळा सुखेनैव नांदल्या. कोणी भेटीची वेळ दिली, तर ती ‘स्टँडर्ड’ की ‘बॉम्बे’, हे विचारून घ्यावे लागे.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, सरकारने सर्व देशाचे घड्याळ आणखी एक तास पुढे ढकलले. पुण्याचा सूर्य तेव्हा दुपारी दीडच्या सुमारास माथ्यावर येई. युद्ध साम्राज्याचे, प्रकाश वाचवायचा तो साम्राज्यासाठी, आणि झोप मोडायची ती हिंदुस्थानची.

तीच वेळ, पण आपली

या कथेचा शेवट विचार करण्यासारखा आहे. स्वातंत्र्यानंतर कलकत्त्याने आपली वेगळी वेळ सोडली. १९५० च्या दशकात मुंबईची वेळही इतिहासजमा झाली. ना दगडफेक झाली, ना हजारो सह्यांचा अर्ज गेला. आकडा तोच होता, साडेपाच तास. रेखावृत्तही तेच होते, साडेब्याऐंशी अंश. मग बदलले काय? वेळ सांगणारा बदलला. १९०६ मध्ये ती आज्ञा होती, स्वातंत्र्यानंतर ती संमती झाली.

स्वतंत्र भारताने ही वेळ नुसती चालू ठेवली नाही, तिला आपल्या परंपरेशी जोडले. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि तिने १९५५ मध्ये अहवाल दिला. राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी तिने एक मध्यवर्ती स्थान निवडले. त्याचे रेखांश साडेब्याऐंशी अंश पूर्व, म्हणजे प्रमाणवेळेचे. त्याचे अक्षांश २३ अंश ११ कला उत्तर, म्हणजे उज्जयिनीचे. इंग्रजांनी निवडलेली रेषा आणि आर्यभट-भास्कराचार्यांच्या परंपरेचे नगर यांचा असा सांधा जुळवण्यात आला. या समितीने सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून, चैत्र १, शके १८७९ या दिवशी, सुरू झाली. किती भारतीयांना आजची राष्ट्रीय तारीख सांगता येते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आज भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील अणुघड्याळांवर राखली जाते. देशातील दूरसंचार, बँका, वीजजाळे यांनी हीच वेळ पाळावी, परदेशी उपग्रहांच्या वेळेवर विसंबू नये, यासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. उज्जैनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले. ते सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतचा काळ तीस मुहूर्तांत दाखवते. पहिली गोष्ट सुरक्षेची, दुसरी स्मरणाची. दोहोंचे आपापले स्थान आहे आणि त्यांची गल्लत करण्याचे कारण नाही.

दिब्रुगडची पहाट

मात्र एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. भारताचा पूर्व-पश्चिम विस्तार सुमारे एकोणतीस अंशांचा, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांचा आहे. आसामातील दिब्रुगड आणि पुणे यांच्या सूर्यात सुमारे चौऱ्याऐंशी मिनिटांचे अंतर आहे. जूनमध्ये दिब्रुगडला पहाटे साडेचारच्याही आधी सूर्य उगवतो आणि कार्यालये उघडेपर्यंत उन्हे चांगलीच तापतात. डिसेंबरमध्ये सायंकाळी साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. दिवसाचा उजेड झोपेत जातो आणि काम दिव्याखाली करावे लागते. आसामच्या चहामळ्यांत म्हणूनच पूर्वीपासून एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळली जाते.

पूर्वांचलाला वेगळी वेळ मिळावी, ही मागणी २०१४ मध्ये आसामचे तत्कालीन मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी केली. ते काँग्रेसचे. २०१७ मध्ये अरुणाचलचे मुख्यमंत्री पेमा खांडू यांनी ती केली. ते भाजपचे. म्हणजे हा पक्षाचा प्रश्न नव्हे आणि फुटीरतेचा तर नव्हेच. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एक शोधनिबंध लिहून आसाम-बंगालच्या सीमेपाशी दोन वेळांची सीमारेषा सुचवली. सरकारने रेल्वेची सुरक्षितता आणि प्रशासकीय अडचणी लक्षात घेऊन ती मान्य केली नाही. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. एकाच रुळावर दोन वेळा चालल्या, तर अपघाताचा धोका वाढतो. शिवाय जो प्रदेश उर्वरित देशापासून दूर राहिला, त्याला आणखी एका रेषेने वेगळे करणे कितपत इष्ट, हाही विचार आहेच.

दुसरा एक उपाय बंगळुरूच्या अभ्यासकांनी मांडला होता. साऱ्या देशाचेच घड्याळ अर्धा तास पुढे करावे. पूर्वांचलाला त्याने दिलासा मिळेल. पण पुण्यात जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सात-दहाऐवजी सात-चाळीसला होईल आणि सकाळच्या शाळेची मुले अंधारात घराबाहेर पडतील. हे ऐकताच पुणेकराच्या कपाळावर आठी उमटेल. तीच आठी दिब्रुगडच्या माणसाच्या कपाळावर रोज असते, एवढे जरी त्या क्षणी ध्यानात आले, तरी पुष्कळ झाले.

एक देश, एक वेळ हे तत्त्व योग्यच आहे. पण एकात्मता म्हणजे पश्चिमेच्या सोयीने पूर्वेचा दिवस चालवणे नव्हे. घड्याळ एकच ठेवूनही पूर्वांचलातील कार्यालये, शाळा, न्यायालये तासभर आधी उघडता येतात आणि आधी बंद करता येतात. शाखेच्या वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात, म्हणून शाखेची शिस्त काही मोडत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९०६ मधला संताप आपल्याला समजतो, त्याचा अभिमानही वाटतो. मग आपल्याच देशातील बांधव तशाच कारणाने काही सांगत असतील, तर त्यांचे ऐकून घेणे हे आपले अधिक मोठे कर्तव्य ठरते. परक्या सरकारने विचारले नाही, स्वकीयांनी विचारले पाहिजे. परकी सत्ता आणि स्वराज्य यांतला फरक तोच.

वेळ पाळणे

आज कोथरूड किंवा निगडीतील कितीतरी घरांत भिंतीवर दोन घड्याळे दिसतात. एक पुण्याचे, एक मुलाच्या गावचे. न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे, हे आता आजीलाही पाठ असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी येथे पणत्या लागतात, तेव्हा तेथे नातवंडे नुकती झोपेतून उठलेली असतात. हिंजवडीतील अभियंत्याची रात्र अमेरिकेच्या दिवसाला बांधलेली असते. जगाच्या घड्याळांशी आपला व्यवहार असा रोजचा झाला आहे आणि तो टाळण्याचे कारणही नाही.

पण एक गोष्ट खटकते. परदेशी ग्राहकाच्या दूरध्वनीला मिनिटाचाही उशीर न करणारा माणूस गावातल्या सभेला अर्धा तास उशिरा येतो आणि त्याला हसत हसत ‘इंडियन टाइम’ म्हणतो. ज्या वेळेला आपली म्हणण्यासाठी या देशाला स्वातंत्र्यापर्यंत थांबावे लागले, तिच्या नावाचा असा उपहास भारतीयाने तरी करू नये. प्रमाणवेळ म्हणजे एकमेकांना दिलेला शब्द आहे. पुण्याने आपली साडेचौतीस मिनिटे सोडली, मुंबईने एकोणचाळीस सोडली, दिब्रुगडने त्याहून अधिक सोसले, तेव्हा हा शब्द पुरा झाला. तो पाळण्याची सुरुवात उद्या सकाळी वेळेवर पोहोचण्यापासून करता येईल.